पाण्याची गाठ

सातपूरच्या अशोकनगरात झुंबर खैरनारांना सगळे नाना म्हणतात. उंच, मानेत जरासे वाकलेले, मोजकं बोलणारे. तरुणपणी ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्र्याच्या पेट्यांना रंग मारायच्या कामावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मूळ गाव नामपूरजवळ, मोसम नदीच्या काठी. बायको गोजराबाई त्याच बाजूची. दोघांची बोली अहिराणी. मुलगी हर्षाली नाशिकच्या शाळेत जायला लागली तेव्हा गोजराबाईंनीच दंडक घातला, की पोरीशी घरात पुस्तकातलं मराठी बोलायचं, नाहीतर वर्गात तिला हसतील. दंडक पाळला गेला. पोरगी शिकली, लग्न होऊन सुरतेला गेली, तिची मुलं हिंदी-गुजरातीत बोलायला लागली. अहिराणी उरली ती नवराबायकोपुरती.

मग गोजराबाई गेल्या.

त्यांचं दुखणं पोटातलं होतं. आधी बरेच दिवस अपचन समजून सोडा-लिंबू चाललं. मग कॉलनीतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीला पाठवलं. तिथे सांगितलं, "लिव्हरमध्ये गाठ दिसतेय. सीटी स्कॅन करून घ्या, वेळ घालवू नका." सीटी झाला. मग सुई घालून तुकडा काढला. मग मुंबईला आणखी एक मोठं मशीन. एका मशीनने दुसऱ्याकडे पाठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि दर खेपेला गोजराबाई घरी परतताना थोड्या कमी होऊन परतायच्या. दिवाळीला चकल्या पाडणारी बाई होळीला घरात नव्हती.

त्यानंतर नानांच्या लक्षात यायला काही महिने लागले, की आपण आपल्या बोलीत बोललोच नाही. दुकानदाराशी मराठी, शेजारच्या महेबूब रिक्षावाल्याशी अर्धं हिंदी, हर्षालीशी फोनवर पुस्तकी. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तर ते सवयीने बोलून गेले, "आज भाजीमां मीठ जास्त व्हयनं," आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उत्तराची वाट पाहत राहिले. ताट तसंच राहिलं.

त्याच पावसाळ्यात महेबूबच्या रिक्षाखाली एक पिल्लू येऊन बसलं. मातकट रंगाचं, कान लोंबते. महेबूबने हाकललं, ते नानांच्या पायरीवर गेलं. नानांनी त्याला दूध-भाकरी घातली आणि आपसूक तोंडून निघालं, "भूक लागनी का रे तुले?" पिल्लाने मान वर केली. तेवढं पुरलं. त्याचं नाव भुऱ्या पडलं आणि दोन खोल्यांच्या त्या घरात पुन्हा अहिराणी सुरू झाली. सकाळी "ऊठ, चाल, फिरी येऊ," दुपारी "बठ गुपचूप," संध्याकाळी कंपनीतल्या जुन्या गोष्टी, गावच्या गोष्टी, गोजराबाईंच्या तक्रारी. कॉलनीतल्या पोरांनी "सिट, सिट" म्हटलं तर भुऱ्या त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे. नाना "बठ" म्हणाले की जिथे असेल तिथे बसायचा. महेबूब हसायचा. "नाना, ये तो तुमच्या गावचाच निघाला. आपली भाषा त्याला समजतच नाय."

तीनेक वर्षं अशी बरी गेली.

नंतर नानांना उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. दुखत नव्हतं, पण जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरायचं, आणि उजव्या कुशीवर झोपलं की आत कुणीतरी उशी ठेवल्यासारखं व्हायचं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कॉलनीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. सोनोग्राफी.

सेंटर तेच होतं. बाकडीही तीच. फक्त भिंतीचा रंग बदलला होता, आणि तो नीट बसला नव्हता. रंगाऱ्याच्या नजरेने नानांनी ते हेरलं. आत अंधारलेल्या खोलीत त्यांना झोपवून डॉक्टरांनी पोटावर गार जेल ओतलं आणि यंत्राची मूठ फिरवायला सुरुवात केली. डॉक्टरांचा दुसरा हात नानांच्या खांद्यावर होता. "कुशीवर वळा. श्वास घ्या. धरून ठेवा." तो हात खांद्यावर होता तोवर नाना पोट विसरले. अंगाला कुणाचा हात लागून किती दिवस झाले याचा ते आडवे पडल्या पडल्या हिशेब लावत होते आणि तो लागत नव्हता.

मूठ एका जागी थांबली. पुढे गेली, परत तिथेच आली.

"लिव्हरमध्ये मोठी गाठ दिसतेय, बाबा," डॉक्टर म्हणाले. "इथे एवढंच कळतं. सीटी स्कॅन करून घ्या. वेळ घालवू नका. बरोबर कोण आलंय?"

"आहे ना, बाहेर बसलाय," नाना म्हणाले.

बाहेर कुणी नव्हतं. बाहेर आणखी पेशंट बसले होते आणि आतून पुढचं नाव पुकारलं जात होतं. डॉक्टरांनी काही चुकीचं सांगितलं नव्हतं. पण नानांना ती वाक्यं पाठ होती. ती कुठून सुरू होतात आणि कुठे जाऊन संपतात हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. तिथल्या तिथे त्यांनी ठरवलं, की सीटी करायचा नाही.

रविवारी हर्षालीचा फोन आला.

"बाबा, तब्येत कशी आहे?"

"मजेत."

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो की. तू तुझं सांग."

तिने तिचं सांगितलं. दुकानात सीझन होता, धाकट्याला दात येत होते, सासूबाईंचे गुडघे. नाना हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ती आली असती, तिने या मशीनमधून त्या मशीनमध्ये फिरवलं असतं, आईच्या वेळी जशी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची तशी पुन्हा उभी राहिली असती. एकदा पाहिलं तेवढं बास झालं.

मग ते घर आवरायला लागले. गोजराबाईंची लुगडी कपाटात तशीच होती, ती धुऊन घड्या घालून ठेवली. गॅसची नळी बदलली. हे सगळं करताना मन शांत होतं. अडत होतं ते फक्त भुऱ्यापाशी. आपण गेल्यावर याचं काय? महेबूबच्या घरी लहान खोली आणि माणसं भरपूर. कॉलनीतली पोरं दगड मारतील. आणि मुख्य म्हणजे हा कुणाचं ऐकणार? त्याला तर कुणाचं बोलणंच कळत नाही.

नामपूरकडचा काळू नावाचा एक पिकअपवाला नाशिकच्या मार्केटला भाजी घेऊन यायचा. त्याच्या रिकाम्या गाडीत नाना भुऱ्याला घेऊन बसले. पिंपळगाव गेलं, देवळा गेलं. भुऱ्या खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खात होता. इतकं दूर तो कधीच आला नव्हता. सटाण्यापुढे वास बदलले तसा तो उभाच राहिला आणि नाक वर करून कूं कूं करायला लागला.

नानांचा चुलतभाऊ चंदर मळ्यातच राहायचा. शेळ्या, थोड्या मेंढ्या, उन्हाळी कांदा साठवायची चाळ. त्याने दुरून पाहिलं आणि हातातला विळा टाकून पुढे आला.

"दादा! असा अचानक कसा काय उना?"

"कुत्राले ठेवाले उनू," नाना म्हणाले. "मी हर्षालीकडे जाई राहिनू, सुरतले. तिकडे कुत्रं चालत नही."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण अहिराणीत ते सोपं गेलं. चंदरने विचारलं नाही, की कधी परत येणार. "राहू दे," एवढंच म्हणाला. "मळामां अजून एक कुत्रं काय जड शे?"

चंदरच्या बायकोने चहा केला. चहा होईपर्यंत भुऱ्याने शेळ्या हुंगून घेतल्या, चंदरच्या नातीने ओढलेलं शेपूट सोडवून घेतलं. निघताना नाना त्याच्यापुढे उकिडवे बसले. "तू आठेच राय," म्हणाले. "मी येस." येतो म्हटल्यावर भुऱ्या बसून राहिला. त्याला सांगितलेलं कळायचं ना. काळूची गाडी बांधावरून वळेपर्यंत तो तिथेच बसलेला दिसत होता, आणि नाना समोरच्या काचेकडे बघत होते.

नंतरचे दिवस कसे गेले ते नानांना नीट सांगता येत नाही. ते म्हणतात, काही नाही, टीव्ही बघायचो. महेबूब सांगतो ते वेगळं. तो म्हणतो, नाना सकाळी दार उघडायचे, पायरीपर्यंत यायचे, आणि फिरायला जायचं राहूनच जायचं. परत आत. कुणी "राम राम" केलं तर हात वर करायचे, तोंडातून शब्द नाही. भुऱ्या कुठाय विचारलं तर म्हणाले, गावाला धाडला. महेबूबच्या बायकोने, बेगमने, दोनदा वाटीतून खिमट पाठवलं, वाट्या धुऊन परत आल्या पण खाल्लं की नाही कळेना.

एका सकाळी नळाला पाणी आलं होतं. नाना वाकून बादली उचलायला गेले आणि उजव्या बरगडीखालून खांद्यापर्यंत अशी कळ गेली, की ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. बादली कलंडली. पाणी दाराखालून बाहेर आलं. महेबूब रिक्षा पुसत होता, त्याने ते पाणी पाहिलं.

"नाना! ओ नाना!" दार नुसतं लोटलेलं होतं. आत येऊन त्याने नानांना काखेत हात घालून उठवलं. "चला."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? दवाखान्यात."

"नको रे. मला माहितेय काय झालंय ते."

"तुम्हाला माहितेय तर डॉक्टर कशाला ठेवलेत दुनियेत?" महेबूब म्हणाला आणि त्याने त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं. मुंबई नाक्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत नाना एकदाच बोलले. "घराला कुलूप लावलं का?"

तिथे त्यांचं काही चाललं नाही. दंडात सुई टोचली, कपडे बदलले, आणि सीटीच्या त्या मोठ्या पांढऱ्या कड्यासमोर झोपवलं. आतून रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत सांगत होता, श्वास घ्या, रोखा, सोडा. नसेतून औषध गेलं तसं सगळ्या अंगातून गरम लाट गेली. नानांनी डोळे मिटले. गोजराबाई अशाच झोपल्या असतील, याच आवाजाने त्यांना श्वास रोखायला सांगितला असेल, आणि आपण तेव्हा बाहेर होतो. तिला कसं वाटलं हे आपण विचारलंच नाही. आपण विचारलं, की डॉक्टर काय म्हणाले.

त्या हॉस्पिटलात फोटो वाचणाऱ्या आणि फोटोवर बघत बघत सुईचं कामही करणाऱ्या डॉक्टर होत्या, पूजा भामरे. वयाने हर्षालीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी नानांना आपल्या खोलीत बोलावलं. महेबूब दारात उभा राहिला.

"नाना, हा कॅन्सर नाही."

नानांना वाटलं, हे असंच सांगतात.

"ऐकलंत ना? ही पाण्याची गाठ आहे. बघा इकडे." त्यांनी पडदा नानांकडे वळवला. करड्या रंगाच्या लिव्हरमध्ये एक मोठं काळं वर्तुळ होतं, नारळाएवढं भासणारं, आणि त्याच्या आत एक पातळ नागमोडी रेघ. पाण्यात फडकं सोडावं तशी. "हे काळं दिसतंय ते सगळं पाणी. ती रेघ म्हणजे आतलं अस्तर, ते सुटलंय. कॅन्सरची गाठ अशी दिसत नाही. रक्ताची तपासणीही करू, म्हणजे खात्री होईल. एका बारीक जंताची अंडी पोटात जातात. त्यातला जीव लिव्हरमध्ये जाऊन बसतो आणि स्वतःभोवती पाण्याची पिशवी करतो. हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत राहते. घरात कुत्रा आहे का?"

नाना पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होता. सोडून आलो."

"कशामुळे?"

"मी मरणार म्हणून."

डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे घेतली. दारात महेबूबने "या अल्लाह" म्हटलं ते ऐकू आलं.

"त्याच्यामुळे झालं का हे?" नानांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज बदलला होता.

"किती वर्षांचा होता?"

"तीनेक."

"मग त्याच्यावर आळ घालू नका. एवढी मोठी व्हायला फार वर्षं लागतात. गावाकडे शेळ्या-मेंढ्या?"

"मेंढ्या, कुत्री, सगळंच. जत्रेत बोकड पडतात."

"त्यांचं काळीज, फुप्फुस खराब निघालं की कुत्र्यांपुढे टाकतात. तिथून कुत्र्याच्या पोटात जंत जातो, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, मातीत, भाजीवर, हाताला लागतात. तुम्हाला कधी, कुठे, कुठल्या कुत्र्यापासून लागलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ते महत्त्वाचंही नाही. आधी गोळ्या सुरू करू. मग सोनोग्राफीवर बघत बारीक सुईने आतलं पाणी काढायचं, त्या पोकळीत औषध घालायचं, थोडा वेळ ठेवून तेही ओढून घ्यायचं. पोट फाडायची गरज दिसत नाही. पण त्या वेळी घरचं माणूस इथे हवं. हे पाणी आत सांडलं तर जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून तयारीनिशी करावं लागतं. कोण आहे तुमचं?"

"हा आहे," नानांनी महेबूबकडे बोट केलं.

"मुलगा?"

"शेजारी."

"मुलं?"

"मुलगी आहे, सुरतेला," नाना म्हणाले. "कळवतो."

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला, पुन्हा घेतला. आनंद व्हायला हवा होता, तसा काही तो होत नव्हता. मरायची तयारी झाली होती, सगळं घड्या घालून ठेवलं होतं, आणि आता कुणीतरी सांगत होतं, की उघडा. त्यात एक बोचणी होती. त्याच वाक्यांनी सुरुवात झाली, तसलंच मशीन, पण तिच्या पोटात पाणी निघालं नाही. आपल्याच का निघालं?

वार रविवार नव्हता. त्यामुळे हर्षालीने फोन उचलला तोच घाबरून. "बाबा? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. सोनोग्राफीपासून सगळं. पलीकडे दुकानातला गलका ऐकू येत होता, मग तोही बंद झाला. ती कुठेतरी बाजूला गेली असावी.

"तेव्हापासून?" ती म्हणाली. "आणि दर रविवारी तुम्ही मला मजेत म्हणत होतात?"

"तुला कशाला त्रास—"

"त्रास!" तिचा आवाज फाटला. "बाबा, कॅन्सर असता तर? मला कुणी कळवलं असतं, महेबूबभाईंनी? मी आले असते आणि तुम्ही… आईच्या वेळी मी रोज तुमच्याबरोबर होते ना? मग आत्ताच परकी झाले?"

"नाही ग," नाना एवढंच म्हणाले. ती रडत होती, आणि कसं थांबवायचं ते त्यांना येत नव्हतं. हे काम गोजराबाईंचं होतं.

ती दुसऱ्या दिवशी आली, धाकट्याला कडेवर घेऊन. दारात पाया पडली पण बोलली नाही. पहिले दोन दिवस ती भांडी घासताना आदळत होती. मग एका दुपारी आईचं कपाट उघडल्यावर तिला त्या धुतलेल्या लुगड्यांच्या घड्या दिसल्या, एकावर एक, वर डांबरगोळ्या. तिने कपाट लावून टाकलं आणि येऊन नानांच्या शेजारी बसली. त्यानंतर भांडी आदळली नाहीत.

गोळ्या सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी सुईची तारीख मिळाली. नानांना गुंगी दिली नव्हती, फक्त कातडी बधिर केली होती. भूल देणारे डॉक्टर उशाशी उभे होते, औषधं भरलेली तयार. पडद्यावर तेच काळं वर्तुळ. डॉ. पूजांनी यंत्राची मूठ बरगड्यांमध्ये धरली आणि दुसऱ्या हाताने सुई आत घातली. पडद्यावर एक पांढरी रेघ लिव्हरमधून सरकत सरकत वर्तुळाच्या कडेला टेकली, क्षणभर थांबली, आत गेली.

"हलू नका, नाना. छान. अगदी छान."

नळीतून पाणी आलं. नानांनी मान वळवून पाहिलं. त्यांना वाटलं होतं पू असेल, रक्त असेल. ते पाणी स्वच्छ होतं, विहिरीच्या झऱ्यासारखं, त्यातून पलीकडचं दिसत होतं. इतकी वर्षं ते हे बाळगत होते. रंगाच्या खात्यात उभे होते तेव्हा, हर्षालीच्या लग्नात पंगत वाढत होते तेव्हा, गोजराबाईंच्या उशाशी बसले होते तेव्हाही बहुधा ते आत होतंच. पडद्यावरचं वर्तुळ चेपत गेलं, त्याची कड आत पडली, आतलं अस्तर चुरगळलेल्या कागदासारखं गोळा झालं. मग औषध आत गेलं तसं ते पुन्हा फुगलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा बसलं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या.

हर्षाली बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. स्ट्रेचर बाहेर आलं तशी ती पुढे आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. खोलीपर्यंत सोडलं नाही.

ती आणखी काही दिवस राहिली. सुरतेला चला म्हणाली. नाना म्हणाले, बघू. धाकटा रांगत रांगत घरभर फिरायचा, त्याच्या मागे "अरे पडशील" म्हणत ते दिवसभर असायचे. मग तिच्या नवऱ्याचे फोन यायला लागले, सीझन होता, ती गेली. महेबूब तिला स्टँडवर सोडून आला. त्या संध्याकाळी घर आधीपेक्षा मोठं वाटलं. पलंगाखाली पोराचा एक मोजा राहिला होता तो नानांनी धुऊन वाळत घातला.

अंगात जरा बळ आल्यावर ते एसटीने सटाण्याला गेले, तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून कुत्र्याच्या जंतांच्या गोळ्या घेतल्या आणि नामपूरच्या पुढे चंदरच्या मळ्यात पोचले. भुऱ्याने बांधावरूनच ओळखलं. धावत येऊन दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टेकवले, तोंड चाटायला गेला, तेव्हा नानांनी हसत हसत त्याचं तोंड बाजूला धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. अंगावर केस चकाकत होते. जाड झाला होता.

"ली जा दादा," चंदर म्हणाला. "तुनाच शे."

नाना घरून निघताना त्याच विचाराने निघाले होते. पिशवीत दोरीही होती. पण तेवढ्यात चंदरच्या बायकोने शेळ्या सोडल्या आणि सहज हाक मारली, "भुऱ्या, आठे ये रे!" भुऱ्याचे कान उभे राहिले. त्याने एकदा नानांकडे पाहिलं आणि तिच्याकडे धावला. मग चंदरची नात काही म्हणाली, तो तिच्यापुढे बसला. गडी बांधावरून ओरडला, तो तिकडे गेला. इथे जो तो त्याला कळेल असंच बोलत होता. अशोकनगरात त्याच्याशी बोलणारं एकच माणूस होतं.

नानांनी दोरी पिशवीतून काढलीच नाही. चंदरला बाजूला घेऊन गोळ्यांचं समजावलं. दर थोड्या महिन्यांनी द्यायच्या, सगळ्या कुत्र्यांना. बोकड-मेंढी कापली की खराब काळीज, फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकायचं नाही, खोल पुरायचं. पोरीला हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू द्यायचा नाही.

"इतलं काय करनं?" चंदर हसला. "आपला बाप-आजानी काय कधी केलं?"

नानांनी सदरा वर केला आणि बरगडीखालचा सुईचा डाग दाखवला. "मना पोटमां व्हतं," म्हणाले. "कवयपासून, कोणले माहीत."

चंदरचं हसू थांबलं. त्याने बायकोला हाक मारली आणि नानांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. नानांनी सांगितलं. त्या दिवशी ते जितकं बोलले तितकं कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. परतीच्या बसमध्ये त्यांचा घसा बसला होता.

आता मधूनमधून ते मळ्यात जातात, एखादी रात्र राहतात. सुरतेला एकदा जाऊन आले, करमलं नाही. हर्षाली आता रविवारची वाट बघत नाही, कधीही फोन करते, आणि "मजेत" म्हटलं की रागावते. मग ते खरं सांगतात. आज पाय दुखले. आज जेवायचा कंटाळा आला. तिकडून ती काय करू शकते, पण सांगतात.

मधल्या काळात सोनोग्राफी होत राहिली. या खेपेला डॉ. पूजांनी मूठ फिरवत बराच वेळ पाहिलं आणि मग पडदा त्यांच्याकडे वळवला. काळं वर्तुळ राहिलं नव्हतं. त्या जागी एक छोटं, घट्ट, करडं गाठोडं होतं. "हा नुसता व्रण समजा," त्या म्हणाल्या. "आत पाणी नाही, हालचाल नाही. अधूनमधून तपासत राहू, पण आता घाबरायचं काही नाही. एकटेच आलात?"

"एकटाच," नाना म्हणाले.

पोट पुसून, सदऱ्याची बटणं लावून ते बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं. हर्षालीला फोन लावला. मागे गिऱ्हाइकांचा गलबला होता. "बाबा, छान झालं! मी पाच मिनिटांत करते हं," म्हणून तिने घाईत ठेवला. महेबूब भाडं घेऊन ओझरला गेला होता. नाना टपरीवर गेले, अर्धा चहा सांगितला. चहावाल्याने ग्लास पुढे केला तेव्हा त्यांना वाटलं, याला सांगावं. पण मागे माणसं थांबली होती. ते बाजूला सरकले आणि उभ्या उभ्या, फुंकर घालत, सावकाश चहा प्याले. मग सातपूरची बस आली. खिडकीची जागा मिळाली.